हलर नं. २ चा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि हसू आलंच तर निदान कॉफी सांडू नका, ती मी केलेली आहे.

२०११ सालची गोष्ट. मी पुण्यात आठ महिने बारिस्ता म्हणून काम करून गोंदियाला परत आले होते. बारिस्ता म्हणजे मशीनवर कॉफी करणारी, हे मी आईला अकरा वेळा समजावलं. तरी ती नातेवाइकांना सांगायची, "प्रज्ञा हाटेलात आहे. पण चहा करत नाही." समोरचा माणूस विचारायचा, "मग भांडी घासते का?"

तेवढ्यात आमच्या एका शेठजींनी स्टेशनजवळ कॉफीचं दुकान उघडलं आणि मला ठेवलं. माझे नखरे तेव्हा आभाळाला टेकलेले! सकाळची पहिली कॉफी मी सरळ ओतून द्यायचे, मशीनचं तोंड धुवायला म्हणून. शेठजी त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. दाणे किती बारीक दळायचे ते मी हवा बघून ठरवायचे. एवढं सगळं झाल्यावर गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "दीदी, एक कोल्ड कॉफी. चॉकलेट ज्यादा."

मी मनातल्या मनात मरायचे आणि चॉकलेट ज्यादा घालायचे.

पण कॉफीचे नखरे परवडले, असे माझे गाण्यांचे नखरे होते. सिनेमातलं गाणं? नाही. मोठ्या कंपनीनं काढलेलं? छे! चार मित्रांनी गच्चीवर बसून, मागून आणलेल्या गिटारवर, स्वतःच्या जिवावर केलेलं गाणं पाहिजे. आणि ते कुणीही ऐकलेलं नसलं पाहिजे, ही मुख्य अट. पुण्यात एक बँड मला जीव की प्राण होता. एक दिवस बसमध्ये शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर त्यांचं गाणं वाजलं आणि माझं त्यांच्यावरचं मनच उडालं.

दुकानातल्या स्पीकरची वायर माझ्या काउंटरमागे होती. म्हणजे अख्ख्या दुकानानं माझी आवड ऐकायची. लोक बिचारे विचारायचे, "दीदी, सीडी अटक गई क्या?" मी त्यांच्याकडे दयेनं बघायचे.

शेवटी शेठजींनी मला बोलावलं. "बेटा, लोग कॉफी छोड़ के भाग रहे हैं. इस रविवार को कुछ कर के दिखा. बीस आदमी भी गाना सुनने आ गए तो तेरा बाजा चलेगा. नहीं तो सोमवार से वायर मेरे हाथ में, और सिनेमा के गाने."

सिनेमाची गाणी! माझ्या कॉफीवर! माझी झोपच उडाली.

मी काउंटरवर एक खोका ठेवला. वर सुंदर अक्षरात लिहिलं, "तुमचा आवाज इथे टाका." म्हणजे ज्यांनी स्वतःचं संगीत केलंय त्यांनी पेन ड्राइव्ह टाकावा, मी वाजवीन, त्यांना रविवारी बोलवीन. तीन दिवसांत खोक्यात काय पडलं? एक गोळीचा कागद.

आणि शुक्रवारी दुपारी तुरकर काका आले.

साठीचे गृहस्थ, गळ्यात मफलर, पायाला धूळ. मी दूध तापवत होते, वाफेचा फुस्स आवाज चालू. त्यांनी आधी शेजारच्या गजानन मिस्त्रींच्या दुकानाकडे पाहिलं. ते बंद. मग आमच्या खोक्यावरचं वाचलं. मग समाधानानं मान हलवली आणि खिशातून एक पाकीट काढलं.

"बाई, हा आवाज आहे. दवनीवाड्याहून आणला. मोबाइलवाल्यानं या काडीत भरून देल्ला. ऐकून सांगजा वो लवकर. लोकं थांबून राहिले."

लोक थांबून राहिले! केवढा हा आत्मविश्वास! मी मान डोलावली, ते बसच्या वेळेला निघून गेले. पाकिटावर लिहिलं होतं: तुरकर, दवनीवाडा, हलर नं. २. खाली फोन नंबर.

आता तुम्ही म्हणाल, गोंदियाची पोरगी तू, तुला हलर माहीत नाही? माहीत आहे हो! धान कांडायची मशीन. आमच्या घरामागेच एक होती. पण म्हणूनच तर मी हरखले ना! धानाच्या मुलखातला कलावंत स्वतःच्या बँडचं नाव 'हलर नं. २' ठेवतो! पुण्यात असतं कुणाला सुचलं?

पेन ड्राइव्ह लावला. काय सांगू! खालून एक घुमणारा सूर. त्यावर कर्र कर्र. मग धडधड. आणि दोन मिनिटांनी एक ठोका असा चुकतो, असा चुकतो, की विचारू नका. गाणारा कुणी नाही. शब्द नाहीत. अकरा मिनिटं हेच. माझ्या अंगावर काटा आला.

मी लगेच फोन लावला.

"काका, कॉफीच्या दुकानातून बोलते. ऐकलं मी!"

"ऐकलं? बरं झालं माय! काय वाटते मंग?"

"दोन मिनिटांनंतर तो ठोका चुकतो ना..."

"तोच! तोच तं तरास आहे! बराबर धरलं तुम्ही!"

"त्याला बिलकूल हात लावायचा नाही. जसं आहे तसंच राहू द्या."

"हात कायले लावीन? मंग काय बंद ठेवू?"

"एकदम बंद. रविवारपर्यंत कुणाला ऐकवूसुद्धा नका. रविवारी पाच वाजता इकडे घेऊन या."

काका जरा घुटमळले. "तिकडंच आणा लागते? इकडं येऊन कोणी नाही पाहणार?"

"इथेच पाहिजे काका. इथे वीस जण तरी ऐकायला बसलेले असतील."

"वीस जण!" काकांचा आवाजच बदलला. "सगळं आणू?"

"जेवढं आणता येईल तेवढं आणा."

इतकं सरळ बोलणं माझं आयुष्यात कुणाशी झालं नव्हतं. कलावंत आणि रसिक यांच्यात असं असतं, वाटलं मला.

शनिवारी मी दिवसभर तेच वाजवलं. फळ्यावर खडूनं लिहिलं, 'रविवारी पाच वाजता, हलर नं. २, प्रत्यक्ष.' कॉलेजच्या पोरापोरींना पकडून पकडून भाषण दिलं. हे ओबडधोबड नाही, हे मातीतलं आहे. ही चूक नाही, हे धाडस आहे. पोरं माना हलवत होती. पुण्याहून आलेली दीदी सांगते म्हणजे असेल, असं वाटलं असावं त्यांना.

दुपारी शेजारचे गजानन मिस्त्री दारात आले. दोन दिवस नागपूरला माल आणायला गेले होते. हाताला ग्रीस, कान टवकारलेले.

"काऊन वो पोरी, आत हलर लावला काय? बेअरिंग गेलं त्याचं."

मी टाळ्याच वाजवल्या. "मिस्त्री! नुसतं ऐकून नाव ओळखलंत! हलरच नाव आहे त्यांचं!"

"नाव? कोणाचं?"

"बँडचं. हे संगीत आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी मला ताप आलाय का अशा नजरेनं पाहिलं. "हे संगीत? चाळणी घासून राहिली, पट्टा ढिला आहे, आणि तू म्हणतं संगीत?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुम्हाला नाही समजायचं. त्याला कान लागतात."

तीस वर्षं हलर दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी कान लागतात म्हणून सांगितलं! बिचारे हाताचं ग्रीस पुसत गेले.

रविवार उजाडला. पाच वाजता मोजून तेवीस जण! शेठजी गल्ल्यावर बसून बोटांवर मोजत होते. वायर वाचली माझी! मी नवीन कुर्ता घातलेला, हातात कागद, त्यावर ओळख करून द्यायचं भाषण.

बाहेर ट्रॅक्टर थांबला.

मला वाटलं, वाद्यं आली. ट्रॉलीतून चार माणसं उतरली. त्यांनी "हां, हां, सांभाळून" करत फळी लावली आणि दुकानाच्या पायरीवर काय उतरवलं? हलर. खरा. लोखंडी. कोंड्यानं माखलेला. अंगावर चुन्यानं लिहिलेलं, नं. २.

तुरकर काका हात जोडत आत आले. तेवीस पोरापोरींकडे त्यांनी कौतुकानं पाहिलं. "एवढे सगळे मिस्त्री! एवढे लहान लहान!"

माझ्या हातातला कागद गळून पडला. खरंच पडला, कथेत पडतो तसा.

त्या एका क्षणात मला सगळं लख्ख दिसलं. गजानन मिस्त्री गावोगावच्या हलरवाल्यांना फोनवर सांगायचे, आवाज भरून आण, ऐकून कोणता माल लागतो ते सांगतो. काकांना त्यांचं दुकान बंद दिसलं आणि शेजारी 'तुमचा आवाज इथे टाका' लिहिलेला खोका दिसला. शेजारी मी!

"बाई, तुम्ही म्हटलं तसा बंद ठेवला," काका म्हणाले. "शुक्रवारपासून गिरणी बंद. लोकं बोलून राहिले मले. म्या म्हटलं, गोंदियात वीस जण पाहून राहिले, थांबा जरा. तुमच्याकडं ते काट्याची मशीन पाहिली ना म्या, म्हणून भरोसा बसला."

कॉफीच्या मशीनवरचा वाफेचा काटा पाहून! अहो, माझ्या भरवशावर दोन दिवस दवनीवाड्यातलं धान पोत्यात पडून होतं, आणि मी इथे अंगावर काटा आणत बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गजानन मिस्त्री आवाज ऐकून बाहेर आलेच होते. त्यांनी हलर पाहिला, काकांना पाहिलं, मला पाहिलं. मला वाटलं, आता भर दुकानात माझी शोभा करणार. पण तो माणूस फक्त म्हणाला, "आणला ना? बरं केलं. आणा इकडं."

आणि आमच्या पायरीवरच बसले. पाना लावला, बेअरिंग काढलं, नवं बसवलं, चाळणी बदलली. स्वतःच्या दुकानातून मोटर ओढली, पट्टा चढवला. तेवीसच्या तेवीस जण कॉफी घेऊन त्यांच्याभोवती गोल करून उभे. रस्त्यावरचे ऑटोवालेही आले. माझ्या स्पीकरकडे सगळ्यांची पाठ.

काकांनी ओंजळभर धान ओतलं. हलर सुरू झाला. एकसारखा, मऊ, गोल आवाज. ठोका जागच्या जागी. पोरांनी टाळ्या पिटल्या.

तिथे तरी मी गप्प बसायचं ना? पण खोड जाते का? मी बोलून गेले, "आधीचं जास्त चांगलं होतं."

काकांनी खालून मूठभर तांदूळ उचलला आणि माझ्यासमोर धरला. अख्खा, लांब, पांढराशुभ्र दाणा.

"बाई, आधी सगळी कनकी निघून राहिली होती," ते म्हणाले. रागानं नाही हो, समजावून! "सारा दाणा तुटून राहिला होता."

म्हणजे मी ज्या ठोक्यावर जीव टाकत होते, तो लोकांच्या घरचा तांदूळ तुटल्याचा आवाज होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी काकांची माफी मागितली, मिस्त्रींची मागितली, हलरचीसुद्धा मागितली असती. काकांनी मात्र जाताना माझ्या हातची कॉफी घेतली. एक घोट घेतला आणि कडू लागली तरी संपवली.

शेठजी उठले. "बेटा, बीस आदमी आए, मैं मानता हूँ. सिनेमा के गाने नहीं बजेंगे." मी सुटकेचा श्वास टाकला. "पर वायर आज से मिस्त्री के पास. दुकान में कान सिर्फ उसके पास हैं."

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी माझ्या वीस सीड्या नीट बसून ऐकल्या. सतरा परत केल्या, तीन ठेवल्या. चिडायचं म्हणून मी चिडले, पण खरं सांगते, त्याच तीन सगळ्यात चांगल्या होत्या. रोज संध्याकाळी ते हात धुऊन येतात, गाणी लावतात आणि चहा मागतात. गर्दी वाढली आहे, हे सांगताना आजही जड जातं.

परवा संध्याकाळी काउंटर पुसता पुसता माझी मान आपोआप डोलायला लागली. खालून बारीक घूं घूं, वर टिक टिक. साधं, पण काय गोड! मी अहंकार गिळला आणि हाक मारली, "मिस्त्री, हे नवीन कुणाचं लावलंत? फार सुरेख आहे."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला.

"पोरी, स्पीकर सकाळपासून बंद आहे. तुमच्या फ्रीजचा पंखा घासून राहिला."