दोघींचं जाऊन येणं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात पिंजऱ्याचा ट्रे धूत होते. हात साबणाचे, म्हणून फोन स्पीकरवर घेतला. "वैशाली, आई गेली," एवढंच मिलिंद म्हणाला आणि दवाखान्याच्या गलक्यात त्याचा आवाज बुडाला... मी नळ बंद केला. मग पुन्हा सोडला आणि उरलेला ट्रे धुवून उन्हात ठेवला. सासू गेल्याचं कळल्यावर सून कुत्र्याचा ट्रे धूत बसली, हे लिहितानाही लाज वाटते. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरातली सगळी लाज त्या पिंजऱ्याभोवतीच फिरली.

अक्का कन्नड गावच्या, भिक्षुकाघरच्या. लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आल्या तेव्हापासून देवघर त्यांच्याकडे. सोवळं कडक, पूजेला निघाल्या की आम्ही भिंतीला चिकटून वाट द्यायची. जीभ मात्र मिश्किल. "आमच्या वैशालीची पोळी म्हणजे नकाशा, रोज नवा देश," असं त्या पाहुण्यांना कौतुकाच्या सुरात सांगायच्या. अशा घरात माझ्या लेकीने, ऋताने, खारकेच्या रंगाचं पिल्लू आणलं आणि नावही खारीकच ठेवलं. "कुत्रं आन् देव एका छपराखाली? मी चालले कन्नडला," अक्का म्हणाल्या. गेल्या नाहीत. आठवडा उलटायच्या आत गरम पोळीचा पहिला तुकडा खारकेचा झाला.

तिला शी-शूची शिस्त लावायला डॉक्टरांनी पिंजरा घ्यायला सांगितला. कुत्रं आपल्या निजायच्या जागी घाण करत नाही. तेव्हा आत निजवायचं, दार उघडलं की थेट अंगणात न्यायचं, तिथे केलं की शाबासकी. शिक्षा म्हणून मात्र कधीही आत घालायचं नाही. "लेकराला कोंडायलीस कशाला गं?" अक्का कुरकुरल्या, पण स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी आत अंथरली त्यांनीच. आम्ही सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी बाईसाहेब जरा मोकळ्या सुटल्या की देवघरासमोरच्या बोळात कार्यक्रम उरकायच्या. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "पुसता कशाने?" फरशी पुसून झाली की अक्का तिथे नेमाने गोमूत्र शिंपडत. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या वासाने पिल्लाला वाटत होतं, ही तर आपली ठरलेली जागा! अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "म्हंजे मीच तिला पाट मांडून देत होते म्हणा की!"

गोमूत्र थांबलं आणि खारीक शहाणी झाली. घर कोरडं झालं. मग थंडीत बोळ पुन्हा ओला दिसायला लागला. मी शाळेतून शिकवून घरी यायची, तोवर दुपारभर घरात अक्का आणि खारीक दोघीच असायच्या.

"परत केलं का हिनं?" मी पहिल्यांदा विचारलं.

अक्का वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय."

मी खारकेला रागावले, पिंजऱ्यात ढकललं, कडी लावली. हे वरचेवर होऊ लागलं. ती आतून माझ्याकडे बघत राहायची आणि अक्कांच्या वाती विस्कटायच्या. शेवटी मिलिंदच म्हणाला, हे काही शिकायचं लक्षण नाही, हिला सुदामकडे देऊ. सुदाम त्याचा मित्र, करमाडला त्याचं शेत. ऋता दोन वेळा जेवली नाही, तरी आम्ही ऐकलं नाही.

सुदाम जीप घेऊन आला. पिंजरा मागे चढवला, आत खारीक. शेजारचे दोघे-तिघे फाटकाशी उभे. अक्का अनवाणी बाहेर आल्या आणि जीपच्या फळीला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. लेकासमोर कधी 'बाथरूम' हा शब्दसुद्धा न उच्चारलेली बाई. 'जाऊन येते' एवढंच म्हणायची.

"खाली ठिव तिला," त्या म्हणाल्या. "ती न्हाय करत. मी करते. पोचत न्हाय मी तिथपर्यंत."

सुदाम कुठे बघावं ते न कळून चाकांकडे बघायला लागला. "आई, घरात चल," मिलिंद दबक्या आवाजात म्हणाला. 'बरं झालं सांगितलंस' असं कुणीही म्हटलं नाही. मीही नाही. मी पिंजऱ्याची कडी काढली, तेवढंच.

त्यानंतर अक्का देवघरात गेल्या नाहीत. "मी आता अशी," म्हणाल्या. पूजा माझ्याकडे आली. त्या बोळात खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून सांगायच्या, "फूल नीट ठिव गं, फेकल्यासारखं नको." खारीक उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडलेली असायची, तिला कुणी हटकत नव्हतं. "अक्का, या आत, देवाला काही होत नाही," हे वाक्य रोज माझ्या ओठांवर यायचं... आणि खरं सांगायचं तर, त्या बाहेर बसतात हेच योग्य, असं माझ्याही मनाच्या एका कोपऱ्यात होतं. कुत्र्याला जे माफ होतं ते मी त्यांना माफ केलं नव्हतं. याची लाज मला जन्मभर पुरेल.

त्यांनी आमच्याकडे एकच मागितलं, पिंजरा त्यांच्या खोलीत ठेवायचा. दार आता उघडंच असे. पिल्लासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं वेळापत्रक अक्कांनी स्वतःला लावून घेतलं. झोपून उठलं की, खाऊन झालं की, पाणी प्यायलं की हाक यायची, "चल गं खारके, जाऊन येऊ." आधी खारीक अंगणात शेवग्याखाली, मग अक्का बाथरूममध्ये आणि खारीक दाराबाहेर राखणीला. अक्का बाहेर आल्या की म्हणायच्या, "शाब्बास!" कुणाला म्हणायच्या कोण जाणे. बोळ कोरडा राहिला, त्या दवाखान्यात जाईपर्यंत.

आज खारकेला कुणी शिकवावं लागत नाही. ती अंगणात जाऊन येते आणि पिंजऱ्यात जायच्या आधी बाथरूमच्या दाराशी बसते. ऋता हाका मारते, पण ती उठत नाही. मग मी आत जाते, बादलीत थोडं पाणी सोडते, बाहेर येते आणि "शाब्बास" म्हणते. ती माझ्याकडे बघते, शेपूटही हलवते... आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसते.