थांबवू का, मॅडम?

चाकणच्या कारखान्यात आठ-नऊ वर्षं मी वेल्डिंगच्या लाइनवर काढली, तीही कंत्राटी. शेवटच्या वर्षी कुजबूज सुरू झाली की दिवाळीनंतर आमच्या जागी रोबोट येणार. साहेब लोक म्हणायचे, "अफवा आहे रे, कामाकडे बघा." पण रोबोट बसवायचे चौथरे आमच्या डोळ्यांदेखत बांधले जात होते. अफवेला कुणी सिमेंट लावतं का, राव?

तेव्हा मी पायथन, म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकायला लागलो. हसू नका. चिंचवड स्टेशनजवळ औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास होता, तिथे सुट्टीच्या दिवशी जायचो. बाकी सगळी कॉलेजची पोरं, मला 'काका' म्हणायची. चाळिशी उलटली नव्हती माझी अजून! एक दिवस क्लासचे सर म्हणाले, तळवड्यात एक छोटी कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते, त्यांना लाइनवर काम केलेला आणि थोडंफार पायथन येणारा माणूस पाहिजे. माझ्यासाठीच जागा काढल्यासारखं वाटलं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, हे जमलंच पाहिजे. दिवाळीनंतर खायचं काय?" आणि त्याच पावली माझा त्यातल्या त्यात बरा शर्ट घेऊन इस्त्रीवाल्याकडे गेली.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण बोलायला चांगल्या. त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला. काही पीसची यादी दिली होती. एकेक पीस तपासायचा आणि चांगले किती निघाले ते मोजायचं. म्हटलं, हात्तिच्या, हे तर मी रोज करतो! धडाधड लिहीत सुटलो. चांगला पीस आला तर मोज आणि पुढे सरक. खराब आला तर मोजू नको. आमच्या डोक्यात हेच भिनलेलं, रिजेक्ट माल हिशेबात धरायचा नाही. चालवलं. पहिले दोन पीस गेले. तिसरा खराब होता आणि स्क्रीनवर सुरू झालं: पीस तीन, खराब. पीस तीन, खराब. पीस तीन, खराब. थांबायचं नावच नाही.

चूक लगेच कळली, आईशपथ. खराब पीस मोजायचा नव्हता, पण त्याला सोडून पुढच्याकडे तर जायचं होतं ना! पुढे सरकायची ओळ मी फक्त चांगल्या पीससाठी लिहिली होती. लाइनवर खराब पीस उचलून लाल क्रेटमध्ये टाकला की पुढचा आपोआप समोर येतो. इथे कोण आणून देणार? एक ओळ इकडची तिकडे केली की भागलं असतं. आधी फक्त कंट्रोल आणि सी ही दोन बटणं दाबून प्रोग्राम थांबवायचा. क्लासमध्ये ते इतक्यांदा केलं होतं की बोटं झोपेतही गेली असती.

आणि मी काय केलं? हात वर केला.

आमच्याकडे काही बिघडलं की ऑपरेटरने हात वर करून उभं राहायचं. लाइन लीडर येणार, बघणार आणि लाल बटण तोच दाबणार. एकदा क्लॅम्प सुटला म्हणून मी स्वतः बटण दाबलं, तर सगळ्यांसमोर माझ्या आईचा उद्धार झाला होता. तेव्हापासून बटणाकडे बोट जातच नाही. तर तळवड्याच्या त्या थंडगार खोलीत मी शाळेतल्या पोरासारखा हात वर करून बसलो, आणि समोर पीस तीन धावतोय.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"अडकलाय. थांबवू का, मॅडम?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमचाच प्रोग्राम आहे ना?"

थांबवला. ओळ हलवली. उत्तर बरोबर आलं. पण त्यांचं माझ्याबद्दल ठरून गेलं होतं, ते दिसत होतं.

क्लासच्या सरांकडून कंपनीचा निरोप आला: येतं त्यांना, पण प्रत्येक गोष्ट विचारत बसतील. आम्हाला स्वतः निर्णय घेणारा माणूस हवा. वा रे वा! निर्णय घेणारा हात आधी कारखान्यांनी मुरगाळायचा, आणि कारखान्यांच्या जिवावर पोट भरणाऱ्यांनी तोच हात लुळा म्हणून मला परत पाठवायचा. सांगताना आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

दिवाळी झाली. एका सकाळी, शिफ्ट अर्धी झालेली असताना, लाइन लीडरने कुणी हात वर न करताच लाल बटण दाबलं. म्हणाला, "भावांनो, गेटवर हिशेब घ्या. उद्यापासून यायचं नाही." माझ्यासमोरच्या पीसला एक टाका मारून झाला होता, दुसरा राहिला होता. मी वेल्डिंगची टॉर्च हातात धरून विचारलं, "हा पूर्ण करू का?"

"राहू दे," तो म्हणाला.

मी टॉर्च ठेवली. नोकरी गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी राग आला तो माझाच, की तेही मी विचारून घेतलं.