आवाजाची तक्रार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मला तुमची तोंडं बघवणार नाहीत!

आमच्या भुईगावात माझ्या पप्पांची जुनी मोटार अजून धावते. वयाने माझ्याहून मोठी. माझ्या लग्नाला मी तिच्यातूनच गेलो, आणि लेकीनेही, सिल्वियाने, हट्ट धरलेला, "पप्पा, लग्नाला मी चर्चमध्ये जाणार तर आजोबांच्याच गाडीतून." ऐकून माझे डोळे भरले हो!

आणि त्याच आठवड्यात, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फादरनी मला बाजूला घेतलं.

"सायमनभाऊ, लग्नाला तेवढं आवाजाचं बघा हं. वयोमानाने होणारच, पण लोकांना त्रास होतो. तक्रार आलीय."

"कोणाची?"

"ते नाही सांगणार."

न सांगायला काय झालं? मला कळलं नाही होय? शेजारचा पास्कू! नवी बॅटरीची गाडी घेतल्यापासून माझा सायलेन्सर त्याला खुपतोय. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं, "काय पास्कू, झोप लागते ना?"

"मस्त लागते. का रे?"

बघा, किती भोळा चेहरा! म्हणजे हाच तो.

गाडी नेली नालासोपाऱ्याला, गॅरेजवाल्याकडे. तो खाली वाकून म्हणाला, "काका, आत सगळं सडलंय. नवा सायलेन्सर बनवतो, आत ग्लासवूल भरतो, काचेचा कापूस, आवाज गिळतो. मांजर बन जायेगी गाडी."

"जुना सायलेन्सर मला परत पायजे."

"त्या गंजाचं काय करणार?"

तुला का सांगू? माझा नाय विश्वास बसत कोणावर. स्टूल टाकून समोरच बसलो, चहालाही उठलो नाही. उरलेलं ग्लासवूलसुद्धा पिशवीत भरून घरी आणलं. उद्या दुसऱ्याच्या गाडीत माझा माल भरायचा!

पण काम झकास केलं हो पठ्ठ्याने. पुढच्या रविवारी गाडी चर्चच्या आवारात शिरली, तर पास्कू वळूनसुद्धा बघेना. माझी छाती ही एवढी फुगली! त्या आनंदात आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये असा काही गायलो की काय सांगू, पुढच्या बाकावरचं तान्हं पोर दचकून रडायला लागलं.

मिस्सानंतर ऐटीत फादरसमोर उभा राहिलो. "काय फादर? पडला ना फरक?"

फादर जरा घुटमळले. "खरं सांगू? वाढलाय."

वाढलाय? माझं डोकंच फिरलं! पास्कूने फादरचेही कान भरले तर! मी त्यांना हाताला धरूनच बाहेर नेलं. मागोमाग अख्खा कॉयर, पास्कू, बायको, सिल्विया. गाडी चालू केली.

"ऐका! आता सगळ्यांसमोर सांगा, कुठे आहे आवाज?"

फादर बोनेटपाशी वाकले. "चालू आहे?"

"आहे तर!"

"वा, छान! आणा की लग्नाला. पण भाऊ, गाडीचं मी कधी बोललो?"

"मग कशाचं बोललात?"

फादर आभाळाकडे बघायला लागले. कॉयरवाले एकमेकांकडे. पास्कूला जोराचा खोकला आला. मी अजून तसाच, स्टेअरिंग धरून!

शेवटी सिल्विया पुढे आली. "पप्पा, रागावू नका हं. तक्रार मी केली. लग्नात तुम्ही गायलात ना, तर मला हसू आवरणार नाही. आणि नवऱ्याकडची माणसं घाबरतील."

माझी लेक! जिच्यासाठी मी त्या स्टुलावर कंबर मोडून घेतली!

लग्नाला मात्र ती आजोबांच्याच गाडीतून गेली. गाडी एवढी गप्प की तिने वाटेत विचारलं, "पप्पा, बंद तर नाही ना पडली?" मी फुगून बसलेलो. पण आरशात तिचं हसू दिसलं आणि विरघळलो.

चर्चमध्ये पहिलं गाणं सुरू झालं. सवयीने मी छाती भरून श्वास घेतला. शेजारी बायको बसलेली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही, फक्त पर्स उघडून मला आतली पिशवी दाखवली.

"उरलेलं आणलंय मी. भरू घशात?"