माझा पाण्याचा दिवस

मी फारशी बोलणारी बाई नाही. पण ही एक लबाडी पोटात ठेवून आता पोट दुखायला लागलंय, तेव्हा सांगूनच टाकते.

कॉलेजनं मला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि एक दिवसही कधी एकटी राहिले नव्हते. शुक्रवार पेठेतल्या घरात मी आणि वहिनी. भाऊ नोकरीपायी बाहेरगावी. नळ चार दिवसांआड. वर पाणी चढत नाही, म्हणून बादल्या जिन्यानं न्यायच्या. ते काम माझं, कारण वहिनीचे गुडघे धरतात.

तिकडच्या खोलीत पोचल्याबरोबर, अंगातला कोटही न काढता, मी दोन पातेली, किटली, फुलदाणी आणि सहा ग्लास भरून ठेवले. सकाळी तोटी उघडली, तर पाणी. दुसऱ्या दिवशीही पाणी. नवं आलं की शिळं ओतायचं, ही आमची रीत. त्यामुळं मी रोज सकाळी फुलदाणीसुद्धा ओतून पुन्हा भरत होते. पाचव्या दिवशीही धार आली, तेव्हा मला हसूच फुटलं. एकटीच, मोठ्यानं! एकच कप तीनदा धुतला. विचारणारं होतं कोण?

त्याच दिवशी वहिनीचा फोन. ती सांगोल्याकडची, लहानपण टँकरमागं धावण्यात गेलेलं. जेवलीस का, हे तिनं नंतर विचारलं.

"तितं पानी कवा येतं गं?"

तिला धाप लागली होती. माझ्या वाट्याच्या बादल्या ती नुकतीच चढवून आली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथंही चार दिवसांआडच."

"अगं बया! एवढ्या लांब जाऊन त्येच व्हय?"

झालं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझे पाण्याचे दिवस मांडले. त्या त्या दिवशी बरोबर फोन. "ठेव, ठेव! आदी भरून घे. आन् झाकून ठेव, अळ्या हुत्यात." मी तोटी सोडून फोन धारेजवळ धरायची. मग टब भरायची, त्यात गळ्यापर्यंत बसायची आणि शेंबड्या पोरीसारखी पाणी उडवायची. मध्येच वहिनीचे गुडघे आठवायचे. तरी उठायची नाही मी.

परत आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी नळ आला. वहिनी खाली पिंप भरत बसलेली, मी बादल्या चढवत होते. आठव्या फेरीला बादली पायरीवर टेकवली आणि सगळं सांगून टाकलं. टबसुद्धा.

मला वाटलं, आता ही बोलणंच टाकते.

"म्हंजी रोज येत हुतं?"

"चोवीस तास."

"गरम बी?"

"गरमही."

"आन् तू त्यात बसायचीस. गळ्यापत्तोर."

मी मान हलवली.

"भवाने! वरीसभर मला टंचाईचं रडगानं ऐकवलंस, आन् मज्जेचं तेवढं एकटीनं खाल्लंस? टंचाई मला हितं कमी हाय व्हय? सांग आता. समदं सांग. आत बसल्यावर पानी भायेर सांडतं का?"

मी सांगायला लागले. फेस कसा होतो, डोकं बुडवलं की कानात काय वाजतं. पिंप काठोकाठ भरलं, सांडलं, उंबऱ्यावरून गल्लीत गेलं. एरवी कुणाचं तांब्याभर सांडलं तरी वहिनी आख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची. समोरची ओरडली, "अवो, पाणी वाया चाललंय की!"

"चालू द्या जरा," वहिनी म्हणाली. त्या ओघळात तिनं दोन्ही पाय लांब केले. "हां, मग? साबन कुटं ठिवायचीस?"