काकूंच्या डब्यांची जनगणना

काल शेजारच्या घरात काय शिजलं, हे तुम्हाला सांगता येईल? आमच्या समोरच्या काकूंना अख्ख्या बिल्डिंगचं सांगता येतं. कॅनडातल्या सरे शहरातल्या आमच्या गल्लीची जनगणना करायला सरकारने माणसं पाठवूच नयेत, काकूंचे स्टीलचे डबे पाठवावेत, असं माझं ठाम मत आहे. दिवंगत यजमानांचं नाव घातलेले ते डबे साबुदाण्याची खिचडी घेऊन घरोघर जातात. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे काकूंनी कोणाला सांगितलं नाही, तरी आमच्या तीन मजली लाकडी बिल्डिंगने ते उचललं. पूर्वी त्यांतून युक्रेनियन आजींचे बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी येत. आजी मुलाकडे गेल्या आणि पंजाबी ट्रक ड्रायव्हरकडचा सरसोंचा साग येऊ लागला, मग फिलिपिनो नर्सकडच्या शेवया, मग फादुमाकडचे सोमाली सांबुसे. "आपल्या सामोशाचे मावसभाऊ गं हे," म्हणत काकूंनी ते ऐन श्रावणात खाल्ले. आत खिमा होता. काकूंनी लाजून देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला, पण फादुमाला आजतागायत कळू दिलं नाही.

मग स्कायट्रेन स्टेशनभोवती काचेचे टॉवर उभे राहिले. तिथे राहायला आले ते बरेचसे पुण्या-नागपूरचे, नवरा-बायको दोघंही आयटीतले. काकूंना कोण आनंद! त्यांनी तिथेही डबे पाठवले. ते आधी खालच्या सिक्युरिटीच्या डेस्कवर अडले, मग वर पोचले, आणि आठवड्याने डिशवॉशरमधून लखलखीत होऊन रिकामे परत आले. "बिझी असतात गं पोरं," काकू म्हणाल्या.

आता आमचीही बिल्डिंग पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे. त्यातल्या एका खोलीच्या भाड्याला केअर होममध्ये राबणाऱ्या फादुमाचा अख्खा पगार पुरणार नाही. याला विकास म्हणतात. जागा सोडण्यासाठी भाडेकरूंना पटवायला टॉवर बांधणाऱ्या कंपनीने पाठवला तो मुलगा मराठीच निघाला. काकूंनी त्याला आधी थालीपीठ वाढलं. मी दाराशी उभी, दातओठ खात.

"काकू, घाबरू नका," तो म्हणाला. "नवी बिल्डिंग झाली की सगळी आपलीच माणसं येतील. हा सगळा मिक्स क्राउड जाईल."

काकूंनी उलथनं खाली ठेवलं.

"आपली म्हणजे रे कोणाची?"

"म्हणजे… महाराष्ट्रीयन. एज्युकेटेड."

"माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वॉशरूमला फादुमा नेत होती. तुझी एज्युकेटेड माणसं लाँग वीकेंडला बॅन्फच्या डोंगरात फिरायला गेली होती. दही घे अजून."

त्याने दही घेतलं नाही. बूट घालताना मात्र तो हळू आवाजात म्हणाला, "बाकीचे सगळे गेले तर एकट्या काय कराल, काकू?"

महिन्याभरात ट्रक ड्रायव्हरचं कुटुंब गेलं, नर्स गेली. खालच्या मजल्याच्या खिडक्यांवर आता प्लायवुड ठोकलंय. उरलो आम्ही थोडेजण. फादुमा रोज विचारते, "आंटी, यू आर स्टेइंग, नो?" आणि काकू रोज "येस येस" म्हणतात. दार लागलं की मात्र तशाच खुर्चीत बसून राहतात.

येत्या सोमवारी संध्याकाळी सिटी हॉलमध्ये या टॉवरला परवानगी द्यायची का, याची सुनावणी आहे. काकू बोलणार आहेत. पोळ्या लाटता लाटता त्या इंग्रजीची तयारी करतात, आणि दर वेळी फादुमाबद्दलच्या "व्हेअर विल शी गो?" इथपर्यंत येऊन अडतात. मी पुढची वाक्यं लिहून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको, तुझं फार भांडकुदळ असतं."

म्हणून तुम्हाला विनंती आहे. सोमवारी या. टॉवरमध्ये राहत असाल तर नक्कीच या. तुम्हाला बोलावं लागणार नाही. पुढच्या रांगेत, काकूंना दिसाल असे बसा. समोर एखादी मान होकाराने हलली, की त्यांना पुढचं सुचतं.