माहेरचं नाव

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत कचेऱ्यांच्या पाट्या आल्या, पाणी मात्र टँकरनंच यायचं. टँकरच्या रांगेत शेजारच्या वैनी पदराचं टोक चघळत माझ्या कथांतल्या नावांचे अर्थ लावायच्या.

“भावजी, नाव सरिता ठिवलं आन् धाडलं कोरड्या आडावर. मुद्दाम ना?”

मी विचारवंतासारखी मान हलवली. खरं तर मेव्हणीला खूश करायला मी तिचं नाव घेतलं होतं.

वैनींच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर त्यांचं नवं नाव लिहिलं गेलं. जुन्या नावानं मग एकटी आईच हाक मारायची. ती वारली, आणि वैनी एकदा म्हणाल्या, “कथेतल्या एखादीला माझं पहिलं नाव द्या की. अर्थ काय बी निघू द्या. लई दिस झाले, त्या नावानं कुणी बोलवलं न्हाई.”

मी दिलं. रांगेतच कथा वाचून दाखवली. कथेतली आई लेकीला त्या नावानं हाक मारते, तिथं जरा आवाज चढवला.

“आले, माय!” वैनी बोलून गेल्या.

बाया हसल्या. वैनी मात्र रिकामी घागर कमरेवर घेऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी ती हाक पुन्हा वाचली.