पाठमोरी पुस्तकं

सुनंदामावशी गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी मरोळच्या ऑफिसात होते. बोरिवलीला तिच्या घरी पोचेपर्यंत तिच्या वाचक कट्ट्याचा शोकसंदेश फिरत फिरत माझ्याही फोनवर आला होता. ‘मृदुभाषी, प्रत्येक पुस्तकावर प्रेम करणाऱ्या वाचक.’ मृदुभाषी? मावशी? महिना उलटला, तरी तो शब्द आठवला की डोकं तापतं.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी पुस्तकांची गोडी मावशीनं लावली. निवृत्त झाल्यापासून ती दिवसभर वाचायची आणि न पटलेलं पुस्तक कपाटात पाठमोरं ठेवायची, तोंड भिंतीकडे करून. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं. “ह्यानं काय केलं गं?” मी विचारायचे. “मोलकरणीवर कादंबरी आहे. अख्ख्या पुस्तकात बाई एकदाही दमत नाही. राहू दे उभं.” एका गाजलेल्या पुस्तकाबद्दल म्हणाली, “सगळे नुसते खिडकीशी बसून विचार करतात. ह्यांच्या घरचा गॅस कधी संपत नाही का?” पण शिक्षा कायमची नसे. पुन्हा वाचून मत बदललं, की पुस्तक सुलट व्हायचं आणि मला फोन यायचा, “मी चुकले होते, यार.”

कट्ट्याच्या अध्यक्षांनी आपल्या गावच्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्या चर्चेला मी मावशीशेजारी बसले होते. आमचं गाव म्हणजे एकच कुटुंब, असं त्यात पानोपानी होतं. सगळ्यांनी पुस्तकाचं कौतुक केल्यावर मावशी म्हणाली, “भाषा झकास आहे. आमराईचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. फक्त एक सांगा, या कुटुंबात आम्ही कुठं राहत होतो?” कुणीतरी हसलं... मग कुणीच हसलं नाही.

“सुनंदाताई, साहित्यात जात कशाला आणता?” अध्यक्ष म्हणाले.

“मी नाही आणली. तुम्ही वगळलीत.”

त्यानंतर तिला कट्ट्याचा निरोप येईनासा झाला. तिनंही विचारलं नाही. पण कट्ट्याच्या दिवशी संध्याकाळी ती चष्मा पुसत बसायची, पुस्तक न उघडता. ते मी पाहिलंय.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भंतेजींनी बुद्धवंदना घेतल्यावर अध्यक्ष आले. पाहुणे येणार म्हणून मामीनं कपाटातली सगळी पुस्तकं सुलट लावली होती. आपलं पुस्तक दिसताच त्यांचा चेहरा उजळला. “बघ, कसं जपलंय! नवी आवृत्ती काढतोय गं. मागच्या बाजूला त्यांचे दोन शब्द घालू. तूच लिहून दे, त्यांच्या नावानं. कुणाला दुखावलं नाही हो बाईंनी कधी.”

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या दिवशी फुटला. “तिचं मत तुम्ही ऐकलंय, काका. तेच छापा. आम्ही कुठं राहत होतो?”

“बेटा, ही वेळ आहे का?”

जिवंतपणी बोलवायचं नाही आणि मेल्यावर तिच्या तोंडी गोड शब्द घालायचे, त्याला बरी वेळ सापडते!

ते गेल्यावर मी कपाटापुढे उभी राहिले. कुठलं पुस्तक कसं होतं ते मला ठाऊक आहे. एकेक पुन्हा भिंतीकडे वळवलं. त्यांचंही. “अगं, वाईट दिसतं ते,” मामी म्हणाली. दिसू दे.

नवी आवृत्ती आली की मी आणून वाचणार आहे, पहिल्या पानापासून, मावशीसारखी. त्या गावात आमची घरं सापडली, तर सुलट ठेवीन.